गच्चीवरचा सागवानी डेक आतून कुजलाय, खालच्यांच्या छताला ओल आलीये, कुठून सुरुवात करू?

पायथ्याची | १४ सप्टेंबर, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या थोडं पुढे, सातव्या मजल्यावर राहतो. हॉलला लागून ११ बाय १४ फुटांची अटॅच्ड टेरेस आहे आणि समोर येऊरचा डोंगर. ८ वर्षांपूर्वी तिथे लाकडी डेक करून घेतला. लाकूड विकत आणलेलं नाही, संगमेश्वर तालुक्यातलं आजोबांचं घर उतरवलं तेव्हा आढं, वासे, भाल असं जे सागाचं निघालं ते वाटणीत आमच्याकडे आलं, बाबांनी टेम्पो करून ठाण्याला आणलं आणि वखारीत चिरून ४ इंची फळ्या काढल्या. एकूण ६२ फळ्या, प्रत्येकी ७ फूट. बाबा आता नाहीत, त्यामुळे हे लाकूड आमच्यासाठी नुसतं लाकूड नाहीये हे आधीच सांगते.

गौरीच्या दिवशी घरात पाहुणे होते, आई तुळशीला पाणी घालायला गेली आणि दारापासून तिसरी फळी तिच्या पायाखाली मोडली. पाय घोट्यापर्यंत आत गेला. खरचटण्यावर निभावलं पण मी अजून हादरलेली आहे. वरून ती फळी एकदम चांगली दिसत होती हो! दरवर्षी मे महिन्यात पॉलिशवाला बोलावून वरून चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून घेत होतो. आता बघितलं तर काही फळ्या चालताना दबतात, दोन ठिकाणी काळे डाग पसरलेत, आणि त्यात भर म्हणजे सहाव्या मजल्यावरच्या काकू काल सांगून गेल्या की त्यांच्या हॉलच्या छताला ओल आलीये.

एका कॉन्ट्रॅक्टरने येऊन बघितलं, म्हणाला हे सगळं काढून फेका, टाइल्स लावा. दुसरा म्हणाला मोडलेली फळी बदलतो आणि परत पीयू मारतो, दोन दिवसांचं काम. दोघांनीही खाली वाकून बघितलं नाही. कृपया सांगा, मी काय करू? लाकूड वाचेल का?

नेरुळ_पश्चिम | १४ सप्टेंबर, रात्री ११:४२

आईंना बरं वाटू दे आधी. आमच्याकडे पण सेम, पाइनवुडचा होता, तीन पावसाळ्यांत भुसा झाला. आम्ही डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या पट्ट्या) टाकलं आणि मोकळे झालो. सडत नाही, वाळवी नाही. फक्त एप्रिल-मेमध्ये दुपारी अनवाणी चालता येत नाही एवढं तापतं.

सुतारआळी | १५ सप्टेंबर, सकाळी ७:०५

ताई, फेकू नका. कॉन्ट्रॅक्टरचं ऐकून घाईने काही करू नका. जुना सागवान आहे, ज्या घराचं आढं होतं ते घर निदान ६०-७० वर्षं उभं असेल, आजच्या बाजारात तसा पिकलेला गाभा मिळवायला तुम्हाला रे रोडच्या वखारी पालथ्या घालाव्या लागतील आणि तरी मिळेल असं नाही.

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे म्हणून एक सांगतो. डेक वरून कधीच कुजत नाही, खालून कुजतो. वरून ऊन लागतं, वारा लागतो, लाकूड वाळतं. खाली ओल कोंडून राहते. तुम्ही दरवर्षी वरून पीयूचा पापुद्रा चढवलात म्हणजे खालून आत गेलेलं पाणी वरून उडून जायची वाटही बंद केलीत. आढं सत्तर वर्षं टिकलं कारण कौलाखाली त्याला चारी बाजूंनी वारा होता. तुमच्या डेकला खालून वारा आहे का? कडेला पट्टी मारून बंद केलाय का?

एक टोकदार पेचकस घ्या नाहीतर पटाशी घ्या आणि प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना टोचून बघा, मग मधे टोचा. घट्ट लागलं तर लाकूड जिवंत आहे. लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा भाग गेला. लिहून ठेवा कुठली फळी कुठे. मग बोलू.

सिव्हिल_खारघर | १५ सप्टेंबर, सकाळी ९:३०

सुतारआळींना अनुमोदन, पण क्रम माझ्या दृष्टीने उलटा आहे. लाकूड नंतर. आधी खालच्यांचं छत. ओल स्लॅबमध्ये शिरलीये म्हणजे आतल्या सळ्यांपर्यंत पाणी पोचायला लागलंय, सळीला गंज चढला की ती फुगते आणि प्लास्टर-काँक्रीट फोडून बाहेर येते, ते दुरुस्त करणं डेकपेक्षा कितीतरी महाग आणि त्रासाचं.

थोडा हिशोब सांगतो म्हणजे अंदाज येईल. तुमची टेरेस साधारण १४ चौरस मीटर. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एवढ्याशा जागेवर चार महिन्यांत ३५ हजार लिटर पाणी उतरतं, साडेतीन मोठे टँकर. हे सगळं फळ्यांच्या फटीतून खाली जाऊन एकाच जाळीतून बाहेर पडायला हवं. ती जाळी डेकच्या खाली झाकलेली आहे का? शेवटची साफ कधी केली होती?

आणि दुसरा प्रश्न, खालची फ्रेम कशी बसवलीये? नुसती ठेवलीये की कोब्यात भोकं पाडून फास्टनर मारलेत?

पायथ्याची | १५ सप्टेंबर, रात्री १०:२०

आज रविवार असल्याने मी आणि भाऊ दिवसभर तेच करत होतो.

कडेला पट्टी आहे, चारी बाजूंनी बंद. चांगलं दिसतं म्हणून आम्हीच लावायला सांगितली होती. जाळी दारासमोरच्या कोपऱ्यात आहे, डेकखाली, ८ वर्षांत एकदाही उघडलेली नाही, कारण उघडायची सोयच ठेवलेली नाही. आज आठ फळ्या काढल्या तेव्हा दिसली. म्हणजे दिसली नाहीच, तिच्यावर चार बोटं काळा गाळ होता, येऊरकडून उडून येणारी पानं, कबुतरांची पिसं, कुंड्यांमधून वाहून गेलेली माती. पाऊस थांबून तीन दिवस झाले तरी खाली इंचभर पाणी होतं. वास असह्य.

फ्रेम लोखंडी चौकोनी पाइपची आहे, लाल प्रायमर मारलेला, आणि हो सिव्हिलदादा, तुम्ही म्हणालात तेच आहे, कोब्यात फास्टनर मारलेत. मोजले, २४ आहेत. काही ठिकाणी पाइप बोटाने दाबला की पापुद्रे निघतात. स्क्रूंची डोकी बऱ्याच ठिकाणी तुटून गेलीत.

पेचकसची परीक्षा केली. यातून थोडा धीर आला. बहुतेक सगळ्या फळ्या मधे घट्ट आहेत. गेल्यात त्या टोकांना, भिंतीकडची टोकं आणि मधे जिथे दोन फळ्या समोरासमोर येतात तिथली टोकं, चार-पाच इंच आतपर्यंत. मोडलेल्या फळीसकट ९ फळ्या मात्र पार गेल्यात.

सुतारआळी | १५ सप्टेंबर, रात्री १०:५५

असंच असणार होतं. लाकूड टोकाकडनं पाणी पितं. झाडात पाणी ज्या नळ्यांतून वर चढायचं त्या नळ्यांची तोंडं टोकालाच उघडी असतात, फळी कापली की ती तोंडं जन्मभर उघडी राहतात. म्हणून कापल्या कापल्या टोकं बंद करायची, इपॉक्सीने करा, मेणाने करा, पण करायची. तुमच्या कारागिराने ते केलं नाही. आणि टोकाला टोक भिडवून ठेवलं असेल तर तिथे पाणी कायमचंच अडकणार.

त्या ९ फळ्या बघा, कडेला फिकट पिवळट पट्टा आहे का? तो झाडाचा बाहेरचा कोवळा भाग. सागाचा गाभा वाळवीला, बुरशीला दाद देत नाही, पण हा बाहेरचा भाग कुठल्याही साध्या लाकडाइतकाच कच्चा. वखारीत चिरताना तो काढून टाकायला हवा होता.

बेलापूरचा_ओटा | १६ सप्टेंबर, दुपारी १:१५

आम्ही बेलापूरला सेक्टर ८ मध्ये आर्टिस्ट व्हिलेजला राहतो. चार्ल्स कोरिआंनी ऐंशीच्या दशकात ही वसाहत केली तेव्हा प्रत्येक घर सुटं ठेवलं, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत नाही, म्हणजे ज्याला जसं जमेल तसं वाढवता यावं. आम्ही मागच्या अंगणात थेट मातीवर छोटा डेक केला होता आणि त्याला वाळवीने खाल्लं. खांब मातीत पुरले होते. दुसऱ्यांदा करताना सासऱ्यांनी सांगितलं गावच्या घराला खांबाखाली तळखडा असतो तो काय शोभेला असतो का? मग प्रत्येक पायाखाली कडप्पाचे दोन थर ठेवले, जमीन सोडून सहा इंच वर, खालून हात फिरवता येईल एवढी जागा. आज ६ वर्षं झाली, वाळवीचा मागमूस नाही. सातव्या मजल्यावर वाळवीचा प्रश्न कमी असेल, पण लाकूड पाण्यापासून उचललेलं हवं हे दोन्हीकडे सारखंच.

तिसरा_मजला | १६ सप्टेंबर, रात्री ८:४०

मी आमच्या सोसायटीत सेक्रेटरी होतो म्हणून लिहितोय. खालच्या काकूंना आजच जाऊन भेटा आणि त्यांच्या छताचे तारीख घालून फोटो काढा. सोसायटीलाही पत्र द्या की आमच्या टेरेसचं काम काढतोय. लपवू नका. आमच्याकडे अशाच एका प्रकरणात वरच्यांनी दोन वर्षं टाळाटाळ केली, दोन्ही घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली, शेवटी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांपर्यंत गेलं. रेरामध्ये (घरखरेदीदारांसाठीचा कायदा) बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरवर ताबा दिल्यापासून ५ वर्षं जबाबदारी आहे, पण तुमची ती मुदत गेलेली दिसते आणि भोकं तुमच्या कामात पडलीत, त्यामुळे तो रस्ता नाही.

पायथ्याची | १६ सप्टेंबर, रात्री ९:३०

गेले होते. काकू फार समजूतदारपणे बोलल्या, मलाच अपराधी वाटत होतं. त्यांना सांगितलं दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला मी येऊन बघून जाईन. पत्रही दिलं.

आता पुढे काय? पाऊस अजून आहे.

सिव्हिल_खारघर | १६ सप्टेंबर, रात्री १०:१५

पाऊस असेपर्यंत फक्त एवढंच करा. सगळा डेक उघडा, फ्रेम काढा, जाळी मोकळी करा, उघड्या भोकांत तात्पुरतं सीलंट भरा. निम्मी ओल तिथेच थांबेल. बाकी काम ऑक्टोबरात स्लॅब कोरडा झाल्यावर.

फास्टनर ग्राइंडरने वरून कापून मोकळे होऊ नका. आतला तुकडा गंजत राहतो. कोर काढून, म्हणजे भोवतीचा कोबा गोल कापून, बाहेर घ्या, भोक साफ करा, न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. भिंत आणि जमीन मिळते तिथला वाटा तपासा, हाताने ठोकून, पोकळ वाजला तर तोडून नवीन मारा. मग त्यावर पॉलिमरवालं सिमेंट कोटिंग, दोन हात, एकमेकांना आडवे, मधे फायबरची जाळी, भिंतीवर फूटभर चढवून. ते वाळल्यावर पाणी जायच्या जाळीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि ४८ तास ठेवा. दोन इंच पाण्याचा भार चौरस मीटरला ५० किलो, काळजी नाही. खाली काकूंकडे बघा. कोरडं राहिलं तरच डेकचं नाव काढायचं.

कुंड्यांबद्दल विचारायचं राहिलं. किती आणि कुठे?

पायथ्याची | १६ सप्टेंबर, रात्री १०:४०

कठड्याला लागून निळे ड्रम अर्धे कापून लावलेत, लिंबू, कढीपत्ता, मोगरा, सोनटक्का. सलग ११ फूट. माती दीड फूट असेल.

सिव्हिल_खारघर | १६ सप्टेंबर, रात्री ११:००

हे हलवा. आयएस ८७५ (इमारतींवर किती भार धरायचा त्याचं भारतीय मानक) च्या दुसऱ्या भागात घराच्या बाल्कनीला चौरस मीटरमागे ३ किलोन्यूटन म्हणजे साधारण ३०० किलो भार धरायला सांगितलंय. पावसात भिजलेली दीड फूट माती चौरस मीटरला ८०० किलोच्या आसपास जाते. तेही नेमकं बाहेरच्या काठावर. झाडं ठेवा, पण माती निम्मी करा, कोकोपीट मिसळा, आणि कुंड्या भिंतीलगत किंवा बीमच्या रेषेवर विखरून ठेवा. याकडे दुर्लक्ष करू नका, बाकी सगळं थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल.

मालवणी_कळवा | १८ सप्टेंबर, सकाळी ८:२०

लाकडाला काय लावायचं यावर बोलतो. आमच्याकडे गावाला होड्यांना मासळीचं तेल लावायचे, काजूच्या टरफलाचं तेल पण लावतात. समुद्रात वर्षानुवर्षं टिकतात. तेच लावा.

सुतारआळी | १८ सप्टेंबर, सकाळी ८:५०

होडीसाठी ते उत्तमच आहे, मी ते मानतो. पण काजूच्या टरफलाचं तेल अंगाला लागलं तर बिब्यासारखं भाजतं, आणि या डेकवर ताईंची आई अनवाणी चालते. मासळीच्या तेलाचा वास सातव्या मजल्यावर हॉलमध्ये येईल. नको.

लोक अळशीचं तेल सुचवतील, हार्डवेअरवाल्याकडे बेलतेल म्हणून मिळतं. घरातल्या फर्निचरला छान. बाहेर आपल्या दमट हवेत त्याच्यावर काळी बुरशी धरते. त्यापेक्षा बाहेरच्या लाकडासाठीचं डेक ऑइल घ्या ज्यात बुरशीनाशक असतं आणि थोडा रंग असतो. पूर्ण पारदर्शक नको, तो रंगच उन्हाला अडवतो. साग उन्हात करडा पडतो तो वरच्या थरातला लिग्निन, म्हणजे लाकडाचे धागे धरून ठेवणारा पदार्थ, उन्हाने तुटतो म्हणून.

आणि कुठलंही तेल लावा, पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटते. हे खरं आहे, कारखान्यात माझ्या डोळ्यांदेखत धूर निघालेला आहे. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा एकेक पसरून उन्हात वाळवा.

नेरुळ_पश्चिम | १८ सप्टेंबर, दुपारी १२:३०

फ्रेमशिवाय नुसत्या सुट्या डेक टाइल्स ठेवायचा सल्ला कोणी दिला तर सातव्या मजल्यावर करू नका. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावरच्या अशा टाइल्स उडून खाली गाड्यांवर पडल्या. माणूस असतं तर?

माझ्या डब्ल्यूपीसीबद्दल थोडं प्रामाणिकपणे अजून, तेही सावलीच्या बाजूला काळं पडतं, घासावं लागतंच. आणि उन्हात लांबीला वाढतं, टोकाला जागा ठेवली नव्हती म्हणून दोन पट्ट्या कमानीसारख्या उचलल्या गेल्या. तुमचं लाकूड वाचत असेल तर वाचवाच.

पायथ्याची | २० ऑक्टोबर, रात्री ९:४५

मोठा अपडेट.

कोजागिरीपर्यंत सगळं उघडून ठेवलं. फळ्या पाठीमागे नंबर घालून काढल्या आणि सुक्या बाल्कनीत पट्ट्या मधे ठेवून रचल्या, सुतारआळींनी फोनवर सांगितलं तसं, सावलीत, वारा खेळता राहील अशा. ओलावा मोजायचं मीटर मागवलं. सप्टेंबरअखेर २८ टक्के दाखवत होतं, आता १९ वर आलंय.

२४ च्या २४ फास्टनर काढले. सहा भोकांतून अक्षरशः पाणी बाहेर आलं. वाटा दाराच्या बाजूला चार फूट पोकळ वाजत होता, तोडून नवीन केला. कोटिंग झालं. पाणी भरलं. ४८ तास म्हणाला होतात, मी ७२ ठेवलं. दिवसातून तीनदा काकूंकडे जाऊन टॉर्च मारून छत बघत होते. नवीन ओल नाही!

आता डेक कसा बसवू, भोकं न पाडता?

सुतारआळी | २१ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

छान केलंत ताई, फार छान. मनापासून सांगतो, एवढं कोणी करत नाही.

आता असं करा. डेक भिंतीपर्यंत न्यायचाच नाही. चारी बाजूंनी फूटभर नाहीतरी निदान सहा इंच जागा उघडी सोडा. पाण्याला वाट, वाऱ्याला वाट, झाडू फिरवायला जागा. आणि यातच तुमचा प्रश्न सुटतो बघा. टोकं कुजलीत ती चार-पाच इंच. ७ फुटी फळीची दोन्ही टोकं सहा-सहा इंच कापली की ६ फुटी चांगली फळी हातात येते. दोन फळ्या मिळून १२ फूट. नवीन लाकूड एक इंच आणायला नको.

फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची करा, जोडून एकसंध, कोब्यावर प्लास्टिकचे उंची बदलता येणारे पाय मिळतात त्यावर ठेवा, उताराप्रमाणे पाय वरखाली करून डेक लेव्हलला येतो. पायाखाली रबर. सगळी फ्रेम आणि फळ्या एकत्र बांधलेल्या असल्या की वजनाने बसते, तरी कठड्याच्या बाजूने भिंतीला, जमिनीला नाही, दोन ठिकाणी अडकवून घ्या वाऱ्यासाठी. स्क्रू एसएस ३१६ (खाऱ्या हवेत टिकणारं स्टेनलेस स्टील) घ्या. ३०४ पण चालतो बऱ्याच ठिकाणी, पण ठाण्याला खाडी आहे, खारी हवा येते, थोडक्यासाठी कशाला. साधा लोखंडी स्क्रू सागात गेला की लाकडातल्या टॅनिनने (तुरट द्रव्याने) भोवती काळा डाग पडतो, ते तुमचे काळे डाग तेच.

दोन फळ्यांमधे ५-६ मिमी फट. दारात लेव्हल हॉलच्या फरशीपेक्षा खाली ठेवा, वर कधीच नाही.

सिव्हिल_खारघर | २१ ऑक्टोबर, सकाळी १०:००

आणि जाळीवर येणारा तुकडा सुटा ठेवा, हाताने उचलता येईल असा, दोन कड्या लावून. बाकी काही विसरलात तरी हे नको.

वाशी_बोनकोडे | २१ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

काळे डाग आणि करडेपणा काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड वापरलं तर? आमच्याकडे मोलकरीण त्यानेच सगळं साफ करते.

सुतारआळी | २१ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

अजिबात नको. लाकडाचा वरचा थर मऊ पडतो, खालचं सिमेंट खाल्लं जातं. लोखंडाच्या डागांना ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वेगळं मिळतं, पावडर, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावायचं, पंधरा-वीस मिनिटांत डाग उतरतो, मग भरपूर पाण्याने धुवायचं. विषारी आहे, हातमोजे, चष्मा, आणि मुलं-मांजरं लांब. ते पाणी कुंड्यांत जाऊ देऊ नका. प्रेशर वॉशर असेल तर जपून, जवळून मारला की लाकडाचे धागे उभे राहतात.

घासताना ६० मग ८० नंबरचा पेपर, बस्स. गुळगुळीत करायच्या नादात २२० ला गेलात तर तेल आत शिरत नाही.

पायथ्याची | १५ डिसेंबर, रात्री १०:३०

झालं. आज संध्याकाळी शेवटचा हात तेलाचा पुसून घेतला आणि चिंध्या बादलीत बुडवल्या.

मीटर १४ टक्के दाखवायला लागल्यावरच कामाला हात घातला. टोकं कापली, कापल्याबरोबर त्याच दिवशी इपॉक्सी लावलं. वाशांच्या जुन्या खिळ्यांची भोकं होती त्यात पाणी साठायचं, त्या प्रत्येक भोकात सागाचीच खुंटी करून बसवली, कुजलेल्या फळ्यांच्या चांगल्या भागातून खुंट्या निघाल्या. हे काम भावाने केलं, चार रविवार, १३७ खुंट्या. पीयूचा पापुद्रा काढल्यावर खाली जो रंग निघाला तो आम्ही ८ वर्षांत पाहिलेलाच नव्हता, आई म्हणाली माजघराच्या वर असाच दिसायचा.

६२ पैकी ९ गेल्या, ५३ वाचल्या. ९ बाय १२ च्या नव्या डेकला ५० पुरल्या. उरलेल्या तीन फळ्यांचा गणपतीसाठी पाट करून घेतलाय.

तेल पहिल्या हाताला अधाशासारखं प्यायलं लाकूड, दुसऱ्याला कमी, वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून घेतलं. ते पुसायचं मी एका कोपऱ्यात विसरले तिथे चिकट राहिलंय. ड्रम गेले, पंधरा लहान कुंड्या आल्या. लिंबाचं झाड खाली सोसायटीच्या बागेत लावलं, त्याचं वाईट वाटलं पण जगलंय.

बेलापूरचा_ओटा | १६ डिसेंबर, सकाळी ९:००

१३७ खुंट्या! भावाला सांगा आमच्याकडून नमस्कार.

वाशी_बोनकोडे | १६ डिसेंबर, सकाळी ११:२०

वाचनखूण साठवली. तेल परत कधी लावायचं?

सुतारआळी | १६ डिसेंबर, दुपारी १:००

पाण्याचे थेंब टाकून बघायचं. मोत्यासारखे उभे राहिले तर तेल आहे. पाच मिनिटांत शोषले गेले आणि डाग पडला तर द्यायची वेळ झाली. आपल्याकडच्या पावसात वर्षातून एकदा लागतंच, दक्षिणेकडच्या उन्हाच्या बाजूला कदाचित दोनदा. मेच्या शेवटी धावपळ करत लावू नका, वळीव आला की फसतं. नोव्हेंबर-डिसेंबर सगळ्यात चांगला. जुना थर तासायची गरज नाही, धुवा, वाळू द्या, लावा. पीयूत आणि तेलात हाच मोठा फरक.

तिसरा_मजला | २६ जुलै, रात्री ८:१५

धागा वर काढतोय. गेले चार दिवस धो धो कोसळतोय, पायथ्याची ताई, काकूंचं छत कसं आहे?

पायथ्याची | २६ जुलै, रात्री ९:५०

आत्ताच खालून आले. कोरडं आहे. काकूंनी परवा रंगवाल्याला बोलावून छताचा माप घेतला, दिवाळीआधी रंग लावतोय, त्याचा खर्च आम्ही देतोय.

जाळीवरचा तुकडा दर रविवारी उचलते, मूठभर पानं निघतात, तेवढंच. पाऊस थांबल्यावर वाकून खाली टॉर्च मारला तर दोन तासांत जमीन सुकायला लागलेली दिसते. उत्तरेच्या कडेला तीन फळ्यांवर हिरवट शेवाळ धरलंय, मऊ ब्रशने आणि साध्या पाण्याने काढलं. एका फळीला टोकाला केसाएवढी चीर दिसतेय, त्याच्यावर परत इपॉक्सी देऊ की पावसाळा संपू दे?

सुतारआळी | २७ जुलै, सकाळी ७:००

आता ओल आत कोंडेल. थांबा. ऑक्टोबरात मीटर १५ च्या खाली आलं की द्या. तोवर त्या चिरेवर कुंडी ठेवू नका.

पायथ्याची | २७ जुलै, सकाळी ७:२०

बरं काका. कुंडी होती, हलवली.